पुस्तकाची पाठराखीण

"आपण कुठे राहता?" असे कोणी विचारले आणि मी "होळीला" म्हणून सांगितले की समोरचे गृहस्थ हमखास हसतात. "होळीला इथे, मग दिवाळीला कुठे?" हा विनोद मी आजवर इतक्यांदा ऐकला आहे की हल्ली तो मी स्वतःच करून टाकतो, तेवढेच समोरच्याचे श्रम वाचतात. तर मंडळी, होळी हे वसईतल्या आमच्या वस्तीचे नाव आहे, आणि तिथे आम्ही बाराही महिने राहतो.

होळीच्या बाजारात सकाळच्या वेळी आजूबाजूच्या वाड्यांतली भाजी येते, केळी येतात, फुले येतात. पुढ्यात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी एक मावशी आमच्या घरच्या ठरलेल्या. गेली अठरा वर्षे आमच्याकडे भाजी येते ती त्यांच्याच टोपलीतून. एका सकाळी पिशवी धरण्याच्या कामगिरीवर मी सौभाग्यवतींबरोबर गेलो होतो. सौभाग्यवतींनी भेंडीला हात घातला, तशा मावशी म्हणाल्या, "ती राहू दे बाय, कालची आहे. वांगी घे. सकाळी तोडलीत."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे माझे लक्ष भाजीपेक्षा भाषेकडे अधिक, अशी आमच्या घरची जुनी तक्रार आहे. त्या दिवशीही माझे मन त्या दोन शब्दांत अडकले. "सकाळी तोडलीत." यात 'ताजी' नाही, 'रसरशीत' नाही, 'वसईची सुप्रसिद्ध' तर नाहीच नाही. एकही विशेषण न वापरता मावशींनी आपल्या मालाची जाहिरात केली होती. आणि खरे-खोटे पाहायचे असेल तर वांग्याचा देठ समोरच होता.

त्याच दिवशी घरी माझ्या टेबलावर एक फाईल वाट पाहत होती. आमच्याच भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. पुस्तक छापायला जायचे होते आणि मागच्या पानावर घालायला "सरांच्या चार ओळी" हव्या होत्या. मावशींचे दोन शब्द कानात आणि बाईंची फाईल समोर, अशा अवस्थेत मी बसलो. त्या बसण्यातून हा लेख निघाला आहे.

नावाची जन्मकथा

पुस्तकाच्या मागच्या पानावर किंवा वेष्टणाच्या घडीवर त्या पुस्तकाची जी थोडक्यात भलामण छापलेली असते, तिला इंग्रजीत 'ब्लर्ब' म्हणतात. शब्द ऐकताना तोंडातून बुडबुडा फुटल्यासारखे वाटते, आणि त्याचा जन्मही थट्टेतच झाला आहे. जेलेट बर्जेस नावाच्या एका अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ साली पुस्तकविक्रेत्यांच्या एका मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाचे खास वेष्टण तयार केले. त्यावर तोंडाशी हात धरून ओरडणारी एक तरुणी छापली, तिचे नाव ठेवले 'बेलिंडा ब्लर्ब', आणि भोवती स्वतःच्या पुस्तकाची अशी काही बेसुमार स्तुती केली की वाचणाऱ्याने लाजावे. ती तरुणी विसरली गेली. तिचे आडनाव मात्र कोशात जाऊन बसले.

वस्तू अर्थात नावाहून जुनी आहे. वॉल्ट व्हिटमन या कवीने १८५५ साली आपला 'लीव्हज ऑफ ग्रास' हा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्याची प्रत इमर्सन या थोर लेखकाला पाठविली. इमर्सनने उत्तरादाखल मनापासून कौतुकाचे खाजगी पत्र लिहिले. व्हिटमनने काय करावे? पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातले एक वाक्य, खाली इमर्सनचे नाव घालून, सोनेरी अक्षरांत ठोकून दिले, आणि तेही न विचारता! एका माणसाने दुसऱ्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाजारात उभी राहिली. कवी मोठा होता, कौतुकही खरे होते, म्हणून हे प्रकरण आज आपण हसून वाचतो.

पुढे ही स्तुती इतकी बोकाळली की १९३६ साली जॉर्ज ऑर्वेलने एका लेखात गाऱ्हाणेच मांडले. प्रत्येक कादंबरी अलौकिक असल्याचे वेष्टण सांगू लागल्यामुळे शहाणी माणसे कादंबरीच्या वाऱ्यालाच उभी राहीनाशी झाली आहेत, असा त्याचा एकंदर सूर होता.

आपल्या घरचा ब्लर्ब

हे सारे साहेबाच्या देशातले खूळ, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे हे काम कितीतरी आधीपासून चालू आहे. आपल्या घरातली फलश्रुती घ्या. रामरक्षा असो की व्यंकटेशस्तोत्र, शेवटी ते म्हणणाऱ्याला काय मिळेल हे सांगणारा भाग असतोच. गुरुचरित्राच्या शेवटी तर 'अवतरणिका' म्हणून साऱ्या ग्रंथाचा गोषवारा देणारा अध्यायच आहे. लाभ सांगणे, सार सांगणे, ही ब्लर्बची दोन्ही कामे आपल्या पोथ्या फार पूर्वीपासून करीत आल्या. फरक एवढाच की फलश्रुती शेवटी असते. ती कानावर पडते तेव्हा स्तोत्र म्हणून झालेले असते. आपले आजचे ब्लर्ब वाचायच्या आधी वाचायचे, आणि कित्येकदा न वाचताच लिहिलेले असतात.

पोथ्यांवरून आठवले. ज्या पानावर आज हा मजकूर छापतात त्याला आपण 'मलपृष्ठ' म्हणतो. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि ते हसणे अगदीच अस्थानी नाही. 'मल' म्हणजे मळच. पोथीच्या सगळ्यात बाहेरच्या पानाला हाताचा मळ लागायचा, म्हणून ते कोरे ठेवीत, तेच मलपृष्ठ. ज्या पानावर आपल्या पूर्वजांनी काही लिहिले नाही, नेमके त्याच पानावर आपण आपली सर्वांत उजळ विशेषणे मांडून ठेवतो, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

छापखाना आल्यावर सुरुवातीला पुस्तकाचे नावच हे काम करी. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' या १८५७ सालच्या पुस्तकाच्या नावाला, आत हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण आहे, असे सांगणारी पुस्तीही जोडलेली आहे. वाचकाला आणखी काय सांगायचे? पुढे प्रस्तावनांचे दिवस आले. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांच्या मालेतील खंडांना ज्या प्रस्तावना लिहिल्या, त्या वेगळ्या काढून ग्रंथरूपाने छापण्याइतक्या मोठ्या ठरल्या. प्रस्तावनाकाराला शंभर पाने मिळत. त्यात तो लेखकाशी भांडू शके, चुका दाखवू शके, आणि शेवटी पाठही थोपटू शके. मलपृष्ठावर शंभर शब्द मिळतात. भांडायला जागा उरत नाही. उरते ती फक्त पाठ थोपटायला.

कोश हाती घ्या

शंभर शब्दांत पाठ थोपटायची म्हटली की तेच ते शब्द कामाला येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मी जेवढी मलपृष्ठे वाचली, त्यावरून माझा एक खाजगी कोश तयार झाला आहे. दिवाळीच्या सुटीत पुस्तकखरेदीला निघणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून त्यातल्या काही नोंदी इथे देतो.

'आश्वासक' म्हणजे हे पुस्तक जमलेले नाही, पुढचे जमेल. 'प्रांजळ' म्हणजे लेखकाने सगळे सांगितले आहे, सांगू नये तेसुद्धा. 'वेगळ्या वाटेने जाणारी' म्हणजे वाट आम्हालाही सापडली नाही. 'चिंतनशील' म्हणजे फारसे काही घडत नाही. 'अंतर्मुख करणारे' म्हणजे वाचून झाल्यावर बोलावेसे वाटत नाही. आणि 'संग्राह्य' हा तर माझा आवडता शब्द. संग्राह्य म्हणजे कपाटात ठेवावे. वाचावे, असे कोणी म्हटलेले नाही.

हसण्यावारी नेले तरी यात थोडी चुटपुटही आहे, कारण यातला प्रत्येक शब्द मूळचा चांगला आहे. आपण तो इतका वापरला की त्याचे नाणे घासून गुळगुळीत झाले. उद्या खरोखर एखादे आश्वासक पुस्तक आले, तर त्याला काय म्हणायचे?

वर्णनांनी भरलेले जग

पुस्तके बाजूला ठेवली तरी आपल्या रोजच्या जगण्यात अशी चार शब्दांची वर्णने किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिराती घ्या. 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द आपण प्रत्यक्ष बोलताना कधी उच्चारतो का? कोणती आई आपल्या मुलीला हाक मारून "अग गृहकृत्यदक्षे" म्हणेल? पण ओळीगणिक पैसे मोजायचे म्हटल्यावर सहा अक्षरांत स्वयंपाक, धुणे-भांडी, सासू-सासरे आणि पाहुणेरावळे सगळे बसवणारा हा शब्द अनेक पिढ्यांना स्वस्तात पडला. त्याची किंमत मुलींनी मोजली, हा भाग निराळा.

नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडा. 'खास लोकाग्रहास्तव' हा शब्द तिथे भेटतो. हे आग्रह करणारे लोक कोण, कुठे राहतात, मला अजून कळलेले नाही. 'शेवटचे पाच प्रयोग' वाचून आम्ही एकदा धावतपळत जाऊन नाटक पाहिले. पुढच्या मोसमात ते लोकाग्रहास्तव पुन्हा चालू झाले. पुण्याच्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी मात्र मला फार आवडते. स्वतःबद्दल नकार सांगून एवढी मोठी प्रौढी मिरवणारे वाक्य दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल, असे वाटत नाही.

वसईकरांच्या परिचयाचे वर्णन मात्र निराळे आहे: 'स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर'. वसई-विरारच्या इमारती गेल्या तीस-चाळीस वर्षांत जेवढ्या सिमेंटवर उभ्या राहिल्या, तेवढ्याच या वाक्यावर. आमच्या एका नातेवाइकांनी हे वाक्य वाचून घर घेतले. राहायला गेल्यावर पहिल्या सकाळी घड्याळ लावून निघाले, तर बावीस मिनिटे लागली. "पाच मिनिटे कुणाची हे विचारायला हवे होते, पाखराची असतील," असे ते आता हसून सांगतात. त्या वेळी हसत नव्हते. आयुष्यभराची पुंजी घालून माणूस घर घेतो, आणि ते एका वाक्यावर विश्वासून घेतो.

अशा वाक्यांना सरकारने वेसण घातली नाही असे नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. घरांच्या व्यवहारासाठी २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटे सांगितले आणि त्यावर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागेल, असे कलम त्यात आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारे 'महारेरा' २०१७ पासून काम करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर फसव्या जाहिरातीत मालाची शिफारस करणाऱ्यालाही जबाबदार धरले. मालाची खातरजमा न करता शिफारस केल्याचे ठरले तर पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचले तेव्हा मी मनात माझ्या साऱ्या मलपृष्ठांची बेरीज केली आणि कायदा पुस्तकांच्या भलामणीपर्यंत आलेला नाही, याबद्दल देवाचे आभार मानले.

कायद्याने राखलेले गोड वर्णनही आमच्या जिल्ह्यात आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ साली कोकणच्या हापूसला मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि ठाण्याबरोबर आमचा पालघर जिल्हाही आहे. 'हापूस' हे तीन अक्षरी वर्णन म्हणजे आता एक करार झाला. आंबा कुठल्या मातीतला, हे त्या शब्दाने सांगितलेच पाहिजे.

भाजीवाल्या मावशी आणि घराची जाहिरात यांच्यात एवढा फरक का, याचा मी बराच विचार केला. मावशी स्वभावाने सरळ आहेत, हे आहेच. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आमची सौभाग्यवती उद्या पुन्हा त्यांच्यापुढे उभी राहणार आहे. शिळी भेंडी दिली, तर उद्या तोंड दाखवायचे आहे. घर विकणाऱ्याला गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच भेटते. जिथे माणसाला माणूस पुन्हा भेटायचा असतो, तिथे वर्णन आपोआप खरे होते.

मग मलपृष्ठावर चार ओळी लिहिणाऱ्याला कोण पुन्हा भेटतो? मला वाटे, कोणीही नाही. चौदा वर्षांपूर्वी मी तसे समजून चाललो, आणि चुकलो.

माझे तीन वाक्यांचे पाप

माझा एक विद्यार्थी होता. लाजाळू, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. पदवी घेऊन एका कचेरीत कारकुनी करू लागला आणि कविता करीत राहिला. एके दिवशी ऐंशी कवितांची वही घेऊन घरी आला. "सर, तुम्ही मागच्या पानासाठी लिहाल का?" वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तेव्हा खोलीभर पसरले होते. मी तीसेक कविता चाळल्या. काही ठीक होत्या, काही नव्हत्या. पण मुलगा गुणी होता, त्याला 'नाही' म्हणणे जिवावर आले आणि पुरती वही वाचणे त्याहून जिवावर आले. मी तीन वाक्ये लिहून दिली. त्यात 'मराठी कवितेला नवे वळण' हे शब्द होते. माझ्या दृष्टीने तो एक सौजन्याचा नमस्कार होता. रस्त्यात भेटलेल्याला आपण 'या एकदा घरी' म्हणतो तसा.

त्याने तो नमस्कार खरा मानला.

पुढे काही वर्षांनी त्याचे वडील वारले, म्हणून मी भेटायला गेलो. दोन खोल्यांचे घर. मी खाटेवर बसलो आणि पाय मागे घेतला, तो कशाला तरी अडला. वाकून पाहिले, तर खाटेखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे. वरच्या प्रतीचे मलपृष्ठ वर आलेले आणि त्यावर माझे नाव. पाचशे प्रती छापल्या होत्या. चारशेच्या वर खाली असाव्यात. चहा घेऊन आलेली त्याची आई सहज बोलून गेली की छपाईसाठी त्यांच्या पाटल्या पतपेढीत ठेवाव्या लागल्या होत्या, त्या पुढे सुटल्या म्हणून बरे. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "सरांनी एवढे लिहिले, म्हटल्यावर छापायलाच हवी होती," असे तीच म्हणाली.

तो मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. निघताना म्हणाला, "सर, एक विचारू? तुम्हाला खरोखर तसे वाटले होते?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते इथे लिहायची माझी तयारी नाही. त्यानंतर तो मला दिसला तेव्हा नमस्कार करी, कवितेचा विषय काढीत नसे. त्याने लिहिणे सोडल्याचे दुसऱ्याकडून कळले.

आत्याची पाठराखीण

या मजकुराला मराठीत अलीकडे एक सुंदर शब्द रुळला आहे: 'पाठराखण'. अमक्याच्या संग्रहाला तमक्यांची पाठराखण लाभली, असे आपण म्हणतो. हा शब्द वाचला की मला माझी आजी आठवते. माझ्या आत्याचे लग्न झाले तेव्हा ती वयाने लहान होती. पहिल्यांदा सासरी जाताना तिच्याबरोबर घरातली एक वडीलधारी बाई पाठराखीण म्हणून गेली. आजी सांगे, "पाठराखिणीने पोरीचे पोवाडे गायचे नसतात. सासूने विचारले की सांगायचे, हिला पहाटे जाग येत नाही पण रात्री कितीही उशीर झाला तरी कुरकुर नाही. भाकरी येते, पुरणपोळी यायची आहे. रागावलात तर रडेल, पण उलट बोलणार नाही." पाठराखीण चार दिवस राहायची आणि परत यायची. तिने खोटे गुण सांगितले असते, तर पाचव्या दिवसापासून ते पोरीलाच निभावावे लागले असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या वहीबरोबर मी असाच गेलो होतो. पोवाडा गाऊन परत आलो, आणि पोर तिथे एकटी राहिली.

तेव्हापासून वर्गात मी एक खेळ घेतो. मुलांना सांगतो, घरातल्या कोणत्याही एका वस्तूची पंचवीस शब्दांत जाहिरात लिहा. अट एकच, विशेषण वापरायचे नाही. पहिल्या दहा मिनिटांत वर्ग घायाळ होतो. 'सुंदर' नाही, 'अप्रतिम' नाही, मग लिहायचे काय? गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले: "आजीची गोधडी. आत सात लुगडी आहेत. एक पणजीचे. टाके आजीने घातले, दोरा आम्ही ओवून दिला. विकायची नाही." मी वर्गात ते वाचून दाखविले आणि थोडा वेळ कोणी बोललेच नाही. मावशींच्या 'सकाळी तोडलीत'ची ही सख्खी बहीण होती.

बाईंचे पुस्तक

तर ही अशी सगळी पूर्वपीठिका मनात असताना माझ्यापुढे बाईंची फाईल होती. ज्या वसई तालुक्यातले, नंदाखालचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले, त्या तालुक्यात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. आणि लिहिणारे वाढले की पाठराखणी मागणारेही वाढतात. या वेळी मी निश्चय केला. दीडशे पाने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची, आणि मगच लेखणी उचलायची.

बाईंनी त्यांच्या लहानपणची वाडी लिहिली होती. बैलांच्या रहाटाचा आवाज, पानवेलींचे मांडव, उन्हात वाळत घातलेली सुकेळी, दादरला पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका. जिथे त्या हे सांगतात तिथे पुस्तक हलवत नाही. जिथे त्या 'हल्लीच्या पिढी'ला उपदेश करतात तिथे पाने उलटावीशी वाटतात. मी लिहिले ते असे: या पुस्तकात वसईच्या एका वाडीतली पन्नास वर्षांपूर्वीची बारा महिन्यांची कामे आहेत, रहाट कसा बांधीत आणि सुकेळी कशी वाळवीत, हे करून पाहिलेल्या हाताने सांगितले आहे, ज्यांच्या आजीचे घर बागायतीत होते त्यांना यात आपले घर सापडेल, उपदेशाची दोन प्रकरणे आहेत, ती ज्यांना नको असतील त्यांनी सरळ पुढे जावे.

बाईंनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी मनात म्हटले, आता ही ओळख संपली. "चाळीस वर्षे मास्तरकी केली," त्या अखेर म्हणाल्या, "पण माझा पेपर कुणी एवढा नीट तपासला नव्हता." दोन प्रकरणांतले एक त्यांनी काढून टाकले. दुसरे ठेवले. "ते मला हवे आहे," म्हणाल्या. लेखिका त्या होत्या. तो हक्क त्यांचाच होता. मीही शेवटच्या वाक्यात 'दोन'चे 'एक' केले.

त्या रात्री माझ्या मनात आले की एका पुस्तकाला न्याय दिला, दुसऱ्याचे काय? कपाटाच्या वरच्या फळीवर माझ्या विद्यार्थ्याची भेट प्रत होती. संग्राह्य! खाली काढली, धूळ झटकली आणि चौदा वर्षांनी ऐंशीच्या ऐंशी कविता वाचल्या. दोन रात्री लागल्या. पुष्कळशा कच्च्या होत्या. पण चार कविता अशा निघाल्या की मी त्या तेव्हाच वाचल्या असत्या, तर 'नवे वळण' हे शब्द न लिहिता त्या चारांची नावे लिहिली असती. त्यातल्या तीन मी त्या वेळी उघडलेल्याच नव्हत्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. खूप वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आलो आहे, म्हणालो. तीसच वाचल्या होत्या, हेही सांगितले. तो ऐकत राहिला. मग मी त्या चार कवितांची नावे सांगितली आणि प्रत्येक का आवडली तेही सांगितले.

"चारच?" तो म्हणाला.

"चारच," मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग थोडा हसला. "सर, त्यातली तिसरी मी काढून टाकणार होतो. आईने ठेवायला लावली." आणि आतल्या खोलीकडे वळून त्याने आईला हाक मारली.

तो पुन्हा लिहू लागला आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेले नाही. गठ्ठे अजून खाटेखाली आहेत. निघताना त्याने त्यातली एक प्रत काढून मला दिली. माझ्याकडे आहे, म्हटले तरी दिली. मागच्या पानावरची माझी तीन वाक्ये त्याने पेन्सिलीने हलकेच खोडली होती आणि म्हणाला, "आता इथे ती चार नावे लिहून द्या." मी लिहून दिली, सही केली आणि खाली तारीख घातली.

वाचकहो, मराठीतला पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'ने १९०९ साली काढला. तेव्हापासून दर दिवाळीला आपण फराळाच्या ताटाशेजारी अंक घेऊन बसतो आणि अनुक्रमणिका वाचून कुठून सुरुवात करायची ते ठरवतो. या लेखाच्या नावाखालीही संपादकांनी एखादी भलामणीची ओळ घातली असेल. ती मी अजून पाहिलेली नाही. त्यात 'अंतर्मुख करणारा' असे काही असेल, तर कृपा करून पेन्सिल घ्या.

बाकी दिवाळीच्या शुभेच्छा. आणि होळीला कधी आलात, तर बाजारात मावशींकडची वांगी घ्या. सकाळी तोडलेली असतात.